समुद्राचे घड्याळ वाचणार कोण?

खोल समुद्राची बातमी आली की ‘मत्स्य-६०००’चे छायाचित्र सर्वत्र झळकते. सहा हजार मीटर खोल माणूस उतरवण्याचे स्वप्न मोठेच आहे. परंतु २०२१ मध्ये ४,०७७ कोटी रुपयांच्या ‘डीप ओशन मिशन’ला मंजुरी देणाऱ्या देशाने आणखी एक साधा प्रश्न विचारायला हवा : त्या खोलीवरचे पाणी हवेला शेवटचे कधी भेटले?

उत्तर कार्बन-१४ देतो. वैश्विक किरणांमुळे वातावरणात घडणारा हा किरणोत्सारी कार्बन समुद्राच्या पृष्ठभागी विरघळतो. पाणी खोल गेले की नवा पुरवठा तुटतो आणि ५,७३० वर्षांच्या अर्धायुष्याने तो घटत जातो. जितका कमी उरला, तितके पाणी जुने. हिंदी महासागराची उत्तर आशियाने अडवली आहे. त्याचे खोल पाणी दक्षिणेकडून, शतकांच्या संथ गतीने येते.

दुसरे घड्याळ माणसाने नकळत लावले. अणुचाचण्यांमुळे १९६० च्या दशकाच्या प्रारंभी उत्तर गोलार्धाच्या हवेतील कार्बन-१४ जवळजवळ दुप्पट झाला आणि मग समुद्रात झिरपू लागला. ‘जिओसेक्स’ मोहिमेने १९७७-७८ मध्ये हिंदी महासागरात तो मोजला. अहमदाबादच्या भौतिक संशोधन प्रयोगशाळेने १९९० च्या दशकात अरबी समुद्रात पुन्हा मोजणी केली. त्यामुळेच दोन काळांची तुलना शक्य झाली. बदल एका मोजणीतून कळत नाही, दुसरी लागतेच. आणि तिसरीही.

पूर्वी एका नमुन्यासाठी शेकडो लिटर पाणी लागे. आज त्वरकावर आधारित वस्तुमान मापनाला अर्धा लिटर पुरते, आणि अशी यंत्रे अहमदाबाद व दिल्लीत आहेत. उणीव यंत्राची नाही, सातत्याची आहे.

‘बाटल्या भरून लगेच काय मिळणार?’ हा आक्षेप गैर नाही. लगेच फारसे मिळत नाही. मात्र मानवनिर्मित कार्बन डायऑक्साइडपैकी सुमारे पाव हिस्सा समुद्र गिळतो, आणि तो किती काळ पोटात ठेवील, हे याच अभिसरणावर ठरते. शिवाय जीवाश्म इंधनाच्या धुरात कार्बन-१४ नसल्याने अणुचाचण्यांचा हवेतील ठसा आता जवळजवळ पुसला गेला आहे. खोल पाण्याचे हुकलेले दशक नंतर कितीही पैसा ओतला तरी मोजता येणार नाही. पाणबुडीच्या खर्चाशेजारी, ठरलेल्या ठिकाणी दर दहा वर्षांनी नमुने घेण्याची हमी अंदाजपत्रकात लिहिली जावी. ती पाणबुडीइतकी छायाचित्रात शोभणार नाही. पण पुढच्या पिढीला उपयोगी पडेल.