बैल धुतात तशी गाडी धुऊ नका

वाचकहो, पोळ्याला बैल कसे धुतात, हे तुम्हांला कोणी शिकवायला नको. ओढ्यात नाहीतर विहिरीच्या थारोळ्यात उभे करायचे, काथ्याचा बोळा घ्यायचा आणि पाठीवरून, मानेवरून खसाखसा घासायचे. बैल डोळे मिटून उभा राहतो. त्याला ते सुखाचे वाटते. पण हीच माया दारातल्या मोटारीवर केली तर काय होते, ते आज सांगणार आहे. आमच्याच घरची गोष्ट आहे.

२०१२ साली आमच्या भागात पाऊस पडला नाही. चारा संपला, पाणी आटले. पुढे छावण्या उघडल्या, पण त्याआधीच आमच्या सासऱ्यांनी, म्हणजे अण्णांनी, हिऱ्या आणि चांद्या ही जोडी विकली. ते पैसे त्यांनी घरात कोणालाही मोडू दिले नाहीत. सासूबाईंना दर पंधरवड्याला तालुक्याच्या दवाखान्यात न्यावे लागे. एस.टी.च्या धक्क्यांनी त्यांचे हाल होत. शेवटी त्या पैशांत आणखी भर घालून आम्ही २०१३ च्या उन्हाळ्यात एक जुनी गाडी घेतली. रंग गडद निळा. जुनी असली तरी आरशासारखी लखलखत होती.

त्या वर्षी पोळा आला आणि दावणीला बैल नव्हते. सकाळी मी उठून पाहते तो अण्णा अंगणात गाडी धुताहेत! हातात काथ्या, बादलीत कपड्यांची पावडर. टपापासून चाकांपर्यंत त्यांनी जोर लावून घासली. मी कौतुकाने पाहत राहिले. मलाही त्यातले काही कळत नव्हते. ऊन वर आले, गाडी वाळली आणि बॉनेटवर सूर्याचे प्रतिबिंब पडले. त्याभोवती कोळ्याच्या जाळ्यासारखे हजारो बारीक ओरखडे चमकू लागले. अण्णा बराच वेळ हात मागे बांधून उभे होते. मग म्हणाले, “बैलाचं कातडं एवढं हळवं नसतं गं.” त्या दिवशी ते जेवायलाही उशिरा आले.

तेव्हापासून या कामातली जी माहिती मिळवली, ती तुमच्यापुढे ठेवते.

आधी रंगाचे समजून घ्या. गाडीचा रंग म्हणजे एकच थर नव्हे. पत्र्यावर अस्तराचा थर, त्यावर रंग आणि सर्वांत वर पारदर्शक लाखेसारखा थर असतो. चमक असते ती या वरच्या थराची. त्याची जाडी साधारण ४० ते ५० मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरचा विसावा भाग किंवा त्याहूनही कमी. आपल्या डोक्याचा केस बहुधा याहून जाड भरेल. एवढ्या पापुद्र्यावर काथ्या, तारेची घासणी, राख किंवा भांड्यांची पावडर चालवली तर दुसरे काय होणार? आणि ओरखडे निव्वळ काथ्यानेच पडतात असेही नाही. आपल्याकडच्या धुळीत वाळूचे कण असतात. कोरड्या फडक्याने धूळ झटकली, की तेच कण पॉलिश कागदाचे काम करतात. म्हणून पहिला नियम असा, की कोरडी गाडी कधीही पुसू नये.

धुण्यासाठी सकाळची किंवा उतरत्या दुपारची वेळ आणि सावलीची जागा निवडावी. मात्र आंब्या-चिंचेखाली नको. वरून चीक आणि पाखरांची घाण पडते. इंजिन व बॉनेट थंड होऊ द्यावे, कारण तापल्या पत्र्यावर पाणी लगेच वाळून डाग धरते. बोअरचे पाणी जड असेल तर त्यातला चुना पांढऱ्या ठिपक्यांच्या रूपाने मागे राहतो. पावसाचे साठवलेले पाणी मिळाले तर उत्तम. ते मऊ असते.

प्रथम झारीने किंवा नळीने वरून खाली नुसते पाणी सोडावे. चिखल भिजू द्यावा, नखाने किंवा काडीने खरवडू नये. मग दोन बादल्या घ्याव्यात. एकीत गाडीसाठी मिळणारा शाम्पू डब्यावर सांगितलेल्या मापाने घालावा, दुसरीत निव्वळ पाणी. मऊ फडके शाम्पूत बुडवून थोडा भाग धुवावा, ते साध्या पाण्यात खळबळून माती काढून टाकावी आणि मगच पुन्हा शाम्पूत घालावे. एकच बादली वापरली तर काढलेली वाळू आपणच परत गाडीला लावतो. सुरुवात टपापासून, मग काचा, दरवाजे आणि सर्वांत शेवटी खालचा भाग. चाकांचे फडके वेगळेच असावे. फडके खाली मातीत पडले तर स्वच्छ धुतल्याशिवाय ते गाडीला लावू नये.

कपड्यांची पावडर का नको? ती तेलकटपणा काढते, तसे गाडीवरचे मेणही काढून नेते. शाम्पू काम संपल्यावर भरपूर पाण्याने उतरवावा आणि पाणी वाळण्याआधी गाडी टिपून घ्यावी. त्यासाठी मायक्रोफायबरचे फडके आता तालुक्याच्या बाजारातही मिळते. ते नसेल तर धुऊन मऊ झालेली सुती बनियन चालेल, शिवण आणि गुंड्या मात्र काढून टाका.

पाण्याचे म्हणाल, तर या रीतीने चार बादल्यांत, साठेक लिटरमध्ये काम भागते. नळी सुटी सोडली तर मिनिटाला १५ लिटर पाणी सहज जाते, अर्ध्या तासात साडेचारशे लिटर! दुष्काळ पाहिलेल्या घराने हा हिशोब विसरू नये. साबणाचे पाणी विहिरीकडे किंवा गुरांच्या हौदाकडे जाणार नाही, अशी जागा धरावी. आणि एक कळकळीची सूचना: औषध फवारणीचा पाठीवरचा पंप गाडी धुण्यासाठी वापरू नका. कितीही धुतला तरी त्यात औषधाचा अंश राहू शकतो, आणि त्याच गाडीत आपली मुले बसतात.

आता शेतकऱ्याच्या गाडीची खास दुखणी पाहू.

पहिले दुखणे खताचे. आपण गाडीतून एखादे-दुसरे पोते आणतोच. युरिया हवेतला ओलावा ओढून घेतो. म्युरेट ऑफ पोटॅशमध्ये क्लोराइड असते, ते मिठासारखेच लोखंड खाते. आमच्या डिकीत एकदा पोटॅशचे पोते थोडे सांडले. वरवर झाडले आणि विसरलो. वर्षाने गालिचा उचलला, तर खालचा पत्रा हाताने तुटण्याइतका कुजलेला! बाहेरून गाडी सोन्यासारखी आणि आतून वाळवी लागलेल्या वाशासारखी. म्हणून पोत्याखाली जाड प्लॅस्टिक अंथरा आणि सांडल्यास गालिचा काढून पत्रा ओल्या फडक्याने पुसून, उन्हात पूर्ण वाळवून घ्या.

दुसरे, गाडीचे पोट. पावसाळा संपला की चाकांवरच्या कमानीत बसलेला चिखल पाण्याने सोडवा. तो ओलावा धरून ठेवतो आणि पत्र्याला आतून गंज चढतो. प्रत्येक दरवाजाच्या खालच्या कडेला पाणी निघून जाण्यासाठी लहान भोके असतात. ती चिखलाने बुजतात. लाकडी काडीने हलकेच मोकळी करा. हे काम पाच मिनिटांचे, पण दरवाजे वाचवणारे आहे.

तिसरे, पाखरांची विष्ठा. ती आम्लधर्मी असते आणि उन्हात रंगावर कायमचा डाग उठवते. त्यावर ओले फडके दहा मिनिटे ठेवा, मऊ झाली की अलगद उचला. झाडाचा चीक किंवा कागदाचा डिंक चिकटला असेल तर थोडे खोबरेल तेल लावून सोडवा आणि मग शाम्पूने धुवा.

चौथे, खंडेनवमीची आणि दसऱ्याची पूजा. पूजा जरूर करावी. पण हळदी-कुंकू दुसऱ्या दिवसापर्यंत तसेच ठेवले तर हळदीचा पिवळेपणा आणि कुंकवाचा रंग मागे राहतो. संध्याकाळी पाण्याने उतरवून घ्या. झेंडूची माळ तारेत ओवलेली असेल तर ती पत्र्यावर घासते, सुती दोऱ्यात ओवा.

काही जण चकाकी यावी म्हणून डिझेल किंवा रॉकेलचा हात फिरवतात. चकाकी तासाभराची, पण त्यावर धूळ बसते आणि दरवाजांचे रबर फुगून खराब होते. हे करू नका.

पॉलिश आणि मेण, म्हणजे वॅक्स, या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, हे पुष्कळांना ठाऊक नसते. पॉलिशमध्ये अतिशय बारीक घासणारी पूड असते. ते वरचा थर किंचित झिजवून ओरखडे सपाट करते. म्हणजे दर पॉलिशला तो पापुद्रा कमी होतो. म्हणून गरज असेल तरच, वर्षातून फार तर एकदा पॉलिश करावे, आणि तेही आधी एखाद्या कोपऱ्यात करून पाहावे. ओरखड्यावरून नख फिरवा. नख अडकले तर तो ओरखडा खोल आहे, पॉलिशने जाणार नाही.

मेण काही काढत नाही, उलट पांघरूण घालते. यातले नावाजलेले कार्नोबा मेण ब्राझीलमधल्या एका ताडजातीच्या झाडाच्या पानांवरून काढतात. गाडी धुऊन, पूर्ण वाळवून, सावलीत मेण लावावे. एका वेळी एकच भाग घ्यावा. पोळीला तूप लावतो तितकेच पातळ लावावे. धुरकट पापुद्रा दिसला की स्वच्छ फडक्याने पुसावे. समोरच्या काचेवर आणि काळ्या प्लॅस्टिकवर लावू नये. दोन-तीन महिन्यांनी पाणी शिंपडून पाहा. अळवाच्या पानावर राहतात तसे थेंब उभे राहिले तर मेण आहे. पाणी पसरले तर पुन्हा लावायची वेळ झाली.

शेवटी, टायरला किंवा पायाजवळच्या पट्ट्यांना तेल लावू नका, पाय घसरतो. आणि धुतल्यावर पहिल्यांदा गाडी काढाल तेव्हा हळू चालवत दोन-चार वेळा ब्रेक दाबून पाहा. ओला ब्रेक नीट धरत नाही.

आमच्या गाडीचे काय झाले? तालुक्याच्या कारागिराने पॉलिश केले, निम्मे ओरखडे गेले, निम्मे राहिले. ते आजही बॉनेटवर आहेत. पण अण्णांनी हात आखडला नाही. दोन बादल्यांची रीत त्यांनी माझ्याआधी आत्मसात केली. दर पोळ्याला ते सकाळी लवकर उठतात, सावलीत गाडी लावायला सांगतात आणि मऊ फडक्याने, वरून खाली, सावकाश धुतात. मग नैवेद्याची पुरणपोळी शेजारच्यांच्या बैलांना भरवून येतात.

तुमच्या दारातली गाडीही कोणाच्या तरी घामातून आलेली असेल. तिला हात लावताना तेवढे आठवा, म्हणजे जोर आपोआप कमी होईल.