वासोची तिसरी उडी

बालमित्रांनो, आधी उठा आणि दार मोजा बघू! आमच्या बोईसरच्या शाळेत मी मुलांना वर्गाचं दार मोजायला लावलं. उंची भरली २ मीटर १० सेंटीमीटर. चौकटीवर एक फूटपट्टी उभी धरली, तरी मला हव्या असलेल्या उंचीला ७ सेंटीमीटर कमीच पडले. म्हटलं, "एवढ्यावरून एका घोड्याने उडी मारली, तीही पाठीवर माणूस घेऊन."

"बाई, काहीतरीच!" चौथीतला एकजण म्हणालाच.

पण ही थाप नाही बरं का! दक्षिण अमेरिकेच्या नकाशात पश्चिमेच्या कडेला मिरचीसारखा लांबोडका देश दिसतो, तो चिली. (नावसुद्धा कसं जुळलंय पाहा.) तिथे १९३३ साली हा घोडा जन्मला. नाव फेथफुल, म्हणजे इमानी. शर्यतीत धावला, पण चमकला नाही. मग त्याला ड्रेसाज, म्हणजे ठरावीक पावलं टाकत डौलात चालणं शिकवलं. स्वभाव तापट, तिथेही जमेना. दोन्हीकडे नापास!

लष्करातल्या कॅप्टन आल्बेर्तो लारागिबेलने त्याच्या उडीतला जोर हेरला आणि उंच उडीची तयारी करून घेतली. घोड्याचं नवं नाव वासो. चिलीत खेड्यातल्या घोडेस्वाराला वासो म्हणतात.

५ फेब्रुवारी १९४९. गाव विन्या देल मार. जुना विक्रम २.४४ मीटरचा, १९३८ साली रोममध्ये ओसोप्पो नावाच्या घोड्याने केलेला. ऑलिंपिकच्या उड्यांमध्ये अडथळे साधारण १.६० मीटरपर्यंत असतात, आणि इथे दांडी होती २.४७ वर! वासो तेव्हा पंधरा वर्षांचा. घोड्याच्या हिशेबात हे काही कोवळं वय नव्हे.

पहिल्या वेळी अंतराचा अंदाज चुकला, वासो अडला. घोड्याचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना असतात, त्यामुळे अगदी नाकासमोरचं त्याला दिसत नाही. म्हणून नेमकं कुठून उडायचं हे आधीच साधावं लागतं. दुसऱ्या वेळी पाय लागला, दांडी पडली. तिसऱ्या वेळी वासो साफ पलीकडे!

तो विक्रम आजही कोणी मोडलेला नाही. पण मला आवडतं ते त्यापुढचं. त्या दिवसानंतर वासोच्या पाठीवर कोणी बसलं नाही. १९६१ साली मरेपर्यंत तो पलटणीच्या आवारात मोकळा हिंडत होता.

"म्हणजे बाई, रोजच सुट्टी?" पुन्हा तोच चौथीतला. आता मात्र त्याला सगळं पटलं होतं.