अपुऱ्या खेळाची पुरी किंमत

शिजवून, वाळवून, पॉलिश केल्याखेरीज हळदीला पुरता भाव मिळत नाही, हे हिंगोली-वसमतच्या शेतकऱ्यास कोणी शिकवावे लागत नाही. त्याच शेतकऱ्याचा मुलगा मात्र अर्धवट व्हिडिओ गेमसाठी रोख पैसे मोजतो!

आगाऊ पैशांवर कार्य तडीस जातच नाही, असे नव्हे. डॉ. केतकरांनी मर्यादित कंपनी काढून ज्ञानकोशाचे २३ खंड सिद्धीस नेले. परंतु तेथे भाग घेणारा भागीदार होता. येथे जोखीम ग्राहकाची आणि नफा मात्र सर्वस्वी कंपनीचा. 'बाल्डर्स गेट ३' २०२० मध्ये अपुरा विकला गेला, २०२३ मध्ये पूर्ण झाला. 'डे-झी' पूर्ण होण्यास पाच वर्षे लागली.

'स्टीम' हे दुकान स्वतःच बजावते की, आजच्या स्थितीत खेळ रुचत नसेल तर थांबा. चौदा दिवसांत, दोन तासांहून कमी खेळला असल्यास ते पैसेही परत करते. परंतु खेळ कायमचा अपुरा राहिला, हे उमगावयास वर्षे जातात; तोवर ती मुदत कधीच टळलेली असते.

म्हणून विद्यार्थ्यांनी आज हाती पडेल तेवढ्याचेच मोल द्यावे. उद्याच्या आश्वासनासाठी बापाच्या घामाचे पैसे मोजू नयेत.