मंडी बाजारातलं एकोणिसावं दुकान

एसटीत बसल्या बसल्या कंडक्टरने सासूबाईंचं आधार कार्ड मागितलं. पंचाहत्तरीपुढच्यांना २०२२ पासून एसटीचा प्रवास फुकट आहे, आणि मार्च २०२३ पासून आम्हा बायकांना अर्धं तिकीट. कार्डावर जन्मतारीख १ जानेवारी १९४८. आपल्या घरातल्या निम्म्या म्हाताऱ्यांचा वाढदिवस एक जानेवारीलाच असतो, त्यामुळे कंडक्टरलाही नवल वाटलं नाही. सासूबाईंच्या अम्मीने सांगितलेली तारीख वेगळी आहे : पोलीस अ‍ॅक्शननंतर महिनाभराने, खरिपाची ज्वारी काढणीला आली तेव्हा.

युसूफ वडगावहून अंबाजोगाईला आमचं जाणं-येणं नेहमीचंच. दवाखाना, लग्नाचा बस्ता, पोरांची पुस्तकं. पण जायचं ते कामापुरतं. स्टँडवर उतरा, रिक्षा करा, काम उरका, शेवटची गाडी पकडा. सासूबाईंचं माहेर त्याच गावातलं, आणि माझ्या लग्नाला अठ्ठावीस वर्षं झाली, तरी त्यांची गल्ली मी कधी पायी फिरले नव्हते. याची लाज मला त्या दिवशी वाटली.

निमित्त कागदाचं झालं. एका कार्यालयात त्यांचा अर्ज परत आला होता. शाळेच्या जुन्या दाखल्यावर जन्मगाव ‘मोमिनाबाद’, बाकी सगळीकडे ‘अंबाजोगाई’. खिडकीपलीकडच्या पोराने विचारलं, “हे मोमिनाबाद कुठं आलं?” सासूबाई काही बोलल्या नाहीत. घरी आल्यावर मात्र जेवल्या नाहीत.

नव्या पिढीच्या वाचकांसाठी सांगते. निजामाच्या राज्यात अंबाजोगाईचं नाव मोमिनाबाद होतं. तिथे हैदराबाद कॉन्टिन्जंटच्या घोडदळाची छावणी होती. १९०३ साली ही फौज इंग्रजांच्या हिंदी लष्करात मिसळून गेली. स्वामी रामानंद तीर्थ तिथल्या योगेश्वरी शाळेत मुख्याध्यापक होते, तेव्हाही गाव मोमिनाबादच होतं. अंबाजोगाई हे नावही काही कालपरवाचं नाही, योगेश्वरी देवीवरून ते फार जुनं आहे. एकाच गावाला दोन नावं, आणि दोन्ही लोकांच्या तोंडात. अडचण फक्त कागदाला होते.

स्टँडवर उतरल्यावर मी सवयीने रिक्षाला हात केला. सासूबाईंनी तो खाली ओढला. “पैदल चलते बेटा. रिक्षा में से क्या दिखता?” गुडघे दुखतात, दर दहा पावलांवर थांबायचं, पण निघालो.

आधी शाळा. क्लार्क भला माणूस. त्याने कपाटातून जुनं रजिस्टर काढलं, धूळ झटकली आणि हसला, “मावशी, हे सगळं उर्दूत आहे. मला वाचता येत नाही.” मराठवाड्यात हे काही नवीन नाही. २०२३ साली न्यायमूर्ती संदीप शिंदे समितीचं कुणबी नोंदी शोधण्याचं काम सुरू झालं, तेव्हा निजामकाळातली दफ्तरं वाचायला उर्दू आणि मोडी जाणणारी माणसं शोधावी लागली होती. सासूबाईंनी चष्मा पुसला, रजिस्टर स्वतःकडे वळवलं आणि बोट ओळीवर ठेवून वाचायला लागल्या. चौथीपर्यंत शिकलेली बाई. तिसऱ्या पानावर बोट थांबलं. स्वतःचं नाव वाचलं, बापाचं नाव वाचलं, धंदा : रंगरेज. मुक्काम पैदाइश : मोमिनाबाद. मग पुन्हा बापाचं नाव वाचलं, या वेळी जरा हळू.

क्लार्क म्हणाला, रजिस्टरमधलं बदलता येणार नाही, पण ‘मोमिनाबाद (हल्लीचे अंबाजोगाई)’ असं पत्र वेगळं देतो. दोन तासांनी या. त्या दोन तासांत आम्ही मंडी बाजार फिरलो.

जुन्या बाजारात फिरायचं तर म्हाताऱ्या माणसाबरोबर फिरावं. मला मोबाइलची दुकानं दिसत होती, साड्यांचे सेल दिसत होते. त्या मात्र नुसत्या बोट दाखवत होत्या : इथे कल्हईवाला बसायचा. इथे अत्तरवाला, जुम्म्याला पोरींच्या हातावर फुकट थेंब लावायचा. हा कोपरा बैलगाड्यांचा. सदर बाजार असं का म्हणतात, हेही त्यांनीच सांगितलं. जिथे पलटण तिथे तिचा सदर बाजार, मग ती औरंगाबाद असो की जालना. पलटण गेली, नाव राहिलं.

बांगड्यांच्या दुकानात टेकायला जागा मिळाली. मालकीण साठीची असेल. “कुणाच्या म्हणायच्या तुम्ही?” सासूबाईंनी नाव नाही सांगितलं. म्हणाल्या, “मंडीतल्या रंगाऱ्याची.” बाईने त्यांच्याकडे नीट पाहिलं आणि आतून पाणी आणलं. ओळख पटली की नुसतं वय पाहून आणलं, कोण जाणे. मी दोन डझन हिरव्या बांगड्या घेतल्या, लागत नव्हत्या तरी.

तिथून चार पावलांवर ते घर. घर म्हणजे एका धान्याच्या व्यापाऱ्याच्या गोदामामागची खोली. पोलीस अ‍ॅक्शनच्या दिवसांत सासूबाईंचे अब्बा खेड्यातून अंगावरच्या कपड्यांनिशी इथे आले, अम्मीला नववा महिना. त्या काळात मराठवाड्यातल्या किती घरांवर काय गुदरलं, ते आपल्याकडे मोठ्याने बोलत नाहीत. पंडित सुंदरलाल आणि काझी अब्दुल गफ्फार यांच्या समितीने पाहणी केली, पण त्यांचा अहवाल लोकांना पाहायला मिळायला २०१३ उजाडावं लागलं. सासूबाई त्यातलं काही सांगत नाहीत. त्या सांगतात ते भाड्याचं : “शेठने सहा महिने भाडं घेतलं नाही. सातव्या महिन्यापासून एक आणा सोडला नाही.” हे सांगताना दरवेळी हसतात. त्या खोलीत त्या जन्मल्या. दाखल्यावरचं मोमिनाबाद ते हे. गल्ली न सोडता त्यांचं राज्य दोनदा बदललं : हैदराबाद, मग १९५६ ला मुंबई, मग १९६० ला महाराष्ट्र.

आता तिथे तीन मजली इमारत आहे. खाली इलेक्ट्रिकचं दुकान. जुन्यापैकी एक दगडी पायरी उरली आहे, मधोमध झिजलेली. सासूबाईंनी चप्पल काढून तिच्यावर पाय ठेवला. दुकानदाराला वाटलं, आत यायचंय. “या ना मावशी, पंखा दाखवू?” “नको बाबा,” त्या म्हणाल्या आणि चप्पल घातली.

हत्तीखान्यापर्यंत जायची त्यांची फार इच्छा होती. डोंगरात कोरलेली लेणी, पुढे दगडी हत्ती. शाळेत असताना मैत्रिणींबरोबर त्या हत्तींवर चढलेल्या. योगेश्वरीचं लग्न परळीच्या वैजनाथाशी ठरलं, मुहूर्त टळला आणि अख्खं वऱ्हाड दगड झालं, ही गोष्ट माझ्या पोरांनी त्यांच्याकडूनच ऐकली. मुकुंदराजांची समाधीही याच गावची. त्यांचा विवेकसिंधु शके १११० चा, म्हणजे ज्ञानेश्वरीच्याही शंभर वर्षं आधीचा. पण गुडघ्यांनी नाही म्हटलं. शिवाय दुसरी अडचण, जी या सदरात मी तिसऱ्यांदा लिहितेय : आपल्या जुन्या बाजारपेठांत बाईमाणसाला लघवीला जायची सोय नसते. सकाळपासून सासूबाईंनी दोन घोट पाण्यावर दिवस काढला होता. बांगडीवालीने दिलेला तांब्याही त्यांनी नुसता ओठांना लावला. शेवटी शाळेत परत गेल्यावर सोय झाली, तिथेच एका कोपऱ्यात जोहरची नमाज झाली. पत्र तयार होतं. शिक्का जरा तिरका बसलाय, पण चालेल.

परतीच्या गाडीत वाटलं, त्या झोपतील. त्या बोटं मोजत होत्या. “क्या गिनते अम्मी?” तर म्हणाल्या, मंडीतली दुकानं, तेव्हाची, डाव्या हाताची. मी पिशवीतून वाण्याच्या बिलाचा कागद काढला आणि त्याच्या पाठीवर लिहायला लागले. नाव, धंदा, नाव, धंदा. वडगाव येईपर्यंत अठरा झाली. एकोणिसाव्याला अडल्या. “पायरी निळी होती,” एवढंच आठवतं.

दुसऱ्या दिवशी फजरनंतर चहा पिताना पुन्हा विचारलं. नाही आठवलं. ईद झाली की परत जायचं ठरलंय, बांगडीवालीला विचारायला. या वेळी धाकटीलाही नेणार आहे, तिला अजून उर्दू वाचता येत नाही.