इंग्रजीशी गट्टी : 'लुक'ची शेपटी

दोस्तांनो, आमच्या शाळेची सहल वेरूळला गेली होती तेव्हाची गोष्ट. कैलास लेण्यापाशी एका परदेशी बाईंनी माझ्या मित्राजवळ आपली पिशवी ठेवली आणि त्या म्हणाल्या, "प्लीज लुक आफ्टर माय बॅग."

मित्र इंग्रजीत वर्गात पहिला! 'लुक' म्हणजे बघणे, 'आफ्टर' म्हणजे नंतर. "बरं, बॅग नंतर बघू," असं म्हणत स्वारी आमच्यात डबा खायला आली. बाई परतल्या तेव्हा पिशवीपाशी माकड बसलेलं. पिशवी वाचली, केळी गेली. सगळे खो खो हसले. त्यानंतर वर्षभर पठ्ठ्याने वर्गात इंग्रजी बोलायला तोंड उघडलं नाही.

बिचाऱ्याचे शब्द पाठ होते. पण 'लुक'ला 'आफ्टर'ची शेपटी लागली की दोघांचा मिळून अर्थ होतो 'सांभाळणे'. अशा जोडीला 'फ्रेजल व्हर्ब' म्हणतात.

आता उलट बघा. त्या बाई मराठी शिकताहेत आणि कुणी त्यांना दरडावलं, "बघून घेईन!" त्या शब्दकोश उघडणार. बघणे, घेणे. म्हणजे हा माणूस काहीतरी बघून विकत घेणार! धमकी कुठल्या कुठे गेली. 'बघून ये', 'बघून ठेव', 'बघून घेईन', प्रत्येकाची तऱ्हा वेगळी. तुम्ही हे कधी पाठ केलंत? छे! मधल्या सुट्टीतली भांडणं ऐकूनच आलं ना?

तर चला पुन्हा वेरूळला. कैलास म्हणजे १६ क्रमांकाचं लेणं. आठव्या शतकात, राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण याच्या काळात, एकाच खडकातून वरून खाली खोदत आणलेलं. अंगणात उभं राहून शिखराकडे मान वर केलीत, की ते 'लुक अप'. पण गाईडने 'चिझल' शब्द वापरला आणि तुम्ही तो शब्दकोशात शोधलात, तर तेही 'लुक अप'! (चिझल म्हणजे छिन्नी.) इथे एक गंमत आहे. 'लुक अप द वर्ड' चालतं, पण 'वर्ड'च्या जागी 'इट' आलं की ते मध्ये घुसतं : 'लुक इट अप'. हरवलेली टोपी शोधताना मात्र 'लुक फॉर इट'च.

मागच्या टेकडीवर चढून मंदिराकडे खाली पाहिलंत, तर 'लुक डाउन ॲट'. 'लुक डाउन ऑन' मात्र कुणाला करू नका हं, ते तुच्छ लेखणं! आणि पाय घसरणार असं दिसलं, की मित्र ओरडेल, "लुक आउट!" तेव्हा बाहेर काय आहे ते बघत बसू नका, सांभाळा.

आईबाबांनो, अशा शंभर जोड्यांची यादी भिंतीवर चिकटवू नका. रोज एखादी जोडी घरात वापरा. "माझा चष्मा कुठाय? लुक फॉर इट!" एवढं पुरे.

आता गाळलेली शेपटी भरा :
१. आजी गावाला गेली की मी तिच्या मांजरीला लुक ----- करतो.
२. लुक -----! मागून रिक्षा येतेय!
३. 'केव्ह'चं स्पेलिंग आठवत नाही? लुक इट -----.

उत्तरं पुढच्या अंकात. तेव्हा 'पुट'ची पाळी!