दिलेला स्वेटर घालण्याजोगा असावा

संक्रांत झाली की ऊन चढू लागतं आणि घरोघरी स्वेटर, मफलर, कानटोप्या धुवायला निघतात. बादलीभर गरम पाणी, मूठभर पावडर, मोगरीचे चार तडाखे आणि दोरीवर दोन चिमटे. झालं काम! मग डिसेंबरात पेटी उघडली की हळहळ. आईनं महिनाभर बसून विणलेला स्वेटर आटून नातवाच्या मापाचा झालेला असतो, नाहीतर बाह्या लोंबत असतात.

आमच्या देवरीकडची थंडी लुटुपुटीची नाही. गोंदिया जिल्ह्यात पारा १० अंशांच्या खाली सहज उतरतो. इथल्या आश्रमशाळांत खेड्यापाड्यांतली मुलं राहून शिकतात. त्यांच्यासाठी आम्ही काही जणी गरम कपडे गोळा करतो. लोक देतातही भरभरून. पण गठ्ठा सोडला की मन खट्टू होतं. आटलेले, कसर लागलेले, कुबट वासाचे स्वेटर बाजूला काढता काढता ढीग अर्धा होतो. "गरिबाला चालतं" हे मला पटत नाही. जे आपल्या लेकराला घालणार नाही, ते दुसऱ्याच्या लेकराला कसं द्यायचं?

खरं सांगायचं तर यात कंजूषपणा कमी आणि धुण्यातली चूक जास्त. लोकर म्हणजे मेंढीचे केस. त्यांवर बारीक खवले असतात. गरम पाणी, कडक पावडर आणि चोळणं एकत्र आलं की ते एकमेकांत अडकतात. एकदा आटलेला स्वेटर मग पहिल्यासारखा होत नाही.

म्हणून मैत्रिणींनो, एवढं करा. स्वेटर उलटा करा. थंड पाण्यात रिठ्याचं पाणी किंवा लोकरीसाठीचा सौम्य साबण घालून हलक्या हातानं दाबत धुवा. रात्रभर भिजत ठेवू नका. पिळू नका. कोरड्या टॉवेलात गुंडाळून दाबा, पाणी निघून जातं. दोरीवर टाकला तर पाण्याच्या वजनानं विणीचे टाके ओढले जातात. त्यापेक्षा खाटेवर चादर पसरून सावलीत आडवा वाळवा.

बाजारातले बरेच स्वस्त स्वेटर लोकरीचे नसतात, ॲक्रिलिकचे असतात. ते तितके आटत नाहीत, पण गरम इस्त्रीनं खराब होतात. ओळखायचं कसं? आतल्या शिवणीतला सुटा धागा चिमट्यात धरून जाळा. केस जळल्यासारखा वास आणि चुरडणारी राख म्हणजे लोकर. वितळून टणक गोळी झाली तर ॲक्रिलिक. असा स्वेटर घातलेल्या पोरांना शेकोटीला अगदी खेटून बसू देऊ नका. ॲक्रिलिक पेटलं की वितळून अंगाला चिकटतं.

घामाचे, जेवणाचे डाग राहिलेल्या लोकरीला कसर लवकर लागते. म्हणून धुऊन, खडखडीत वाळवूनच पेटीत ठेवा. सोबत कडुनिंबाचा वाळलेला पाला ठेवा. डांबरगोळ्या ठेवल्याच तर पुरचुंडीत बांधा, लहान मुलांच्या हाती लागू देऊ नका. त्या पोटात गेल्या तर जिवावर बेततं.

स्वेटर धुणं म्हणजे रिकामटेकडं काम नव्हे. कुणा बाईनं डोळे ताणून घातलेले टाके त्यात असतात. आज दहा मिनिटं जास्त द्या. पुढच्या थंडीत तुमच्या मुलाला तो तोकडा झाला, तरी दुसऱ्या एखाद्या मुलाला तो हौसेनं घालता येईल.