मूल बांधावें कीं घर आवरावें?

खोड्यांना कंटाळून यशोदेनें बाळकृष्णास उखळाला बांधिलें. परंतु तो उखळासह अंगणांतून रांगत गेला आणि त्यानें दोन अर्जुनवृक्ष उन्मळून पाडिले, ही कथा आपण सर्वांनीं आजीच्या तोंडून ऐकिली आहे. ती ऐकतांना मला नेहमीं असें वाटतें कीं, नुकत्याच चालूं लागलेल्या मुलास बांधून ठेवण्याचा उपाय फार जुना आहे, आणि तो फसण्याची रीतही तितकीच जुनी आहे.

या विषयावर लिहिण्यास आमच्या घरांतील एक प्रसंग कारण झाला. त्या वेळीं माझा धाकटा भाऊ १४ महिन्यांचा होता. आई स्वयंपाकांत गुंतलेली असल्यामुळें त्याच्याकडे पाहण्याचें काम तिनें मला सांगितलें. मी मोबाईल घेऊन बसलों. थोड्या वेळानें घर अगदीं शांत झालें व ती शांतता मला बरी वाटली. पाणी पिण्यास उठलों, तों मोरीच्या दारांतून त्याचे दोन पाय हलतांना दिसले. डोकें बादलींत होतें. बादलींत पाणी वीतभरही नव्हतें. मीं त्यास उचललें. तो खोकला आणि मग मोठ्यानें रडूं लागला. तें रडणें ऐकून माझ्या जिवांत जीव आला. आई धांवत आली. तिनें त्याला मारिलें नाहीं, मलाही एक शब्द बोलली नाहीं. त्याला कडेवर घेऊन तिनें ती बादली पालथी घातली. तेव्हांपासून आमच्या मोरींत रिकामी बादली पालथीच असते.

पुढें डॉक्टरांनीं समजावून सांगितलें कीं, या वयांत मुलाचें डोकें शरीराच्या मानानें जड असतें. तोल गेल्यावर स्वतःस वर उचलण्याचें बळ त्याच्या हातांत नसतें. दोन इंच पाणीही त्याच्या प्राणास पुरेसें होतें. आणि बुडतांना तें ओरडत नाहीं.

कित्येक वडीलधाऱ्यांचें म्हणणें असें कीं, मुलास धाक असावा, म्हणजे तें भलत्या वस्तूस हात लावीत नाहीं. परंतु आज खाल्लेली चापट उद्यां आठवून तें आधणापासून मागें सरेल, हा भरंवसा कोणी द्यावा? हात लावणें, चढणें, तोंडांत घालणें हाच त्याचा अभ्यास होय. डॉ. मारिया मॉन्टेसरी यांनीं १९०७ सालीं रोम शहरांत बालगृह उघडलें, तेव्हां तेथील मेजें व खुर्च्या मुलांच्या मापाच्या केल्या. मुलास घराजोगें करण्यापूर्वीं घर मुलाजोगें करावें, हाच त्यांतील बोध मीं घेतला आहे.

यास पैसा लागतो असें नाहीं. एकदां गुडघ्यांवर रांगत सारें घर पाहावें, म्हणजे मुलाला काय दिसतें तें कळतें. कढईचा दांडा भिंतीकडे वळवावा. रॉकेल किंवा फिनेल सरबताच्या बाटलींत कधींही भरूं नये. खिडकीखालीं पलंग अथवा खुर्ची ठेवूं नये. अख्खे शेंगदाणे चार वर्षांपर्यंत देऊं नयेत. खेळण्यांतील व रिमोटमधील चपटी गोल बॅटरी तर डोळ्यांत तेल घालून जपावी. ती घशाखालीं अडकल्यास दोन तासांत अन्ननलिका आंतून भाजते.

इतकें करूनही अपघात झालाच, तर भाजलेल्या भागावर वीस मिनिटें साधें वाहतें पाणी सोडावें. टूथपेस्ट, शाई किंवा तूप लावूं नये. रॉकेल पोटांत गेल्यास ओकारी काढूं नये, कारण तें फुप्फुसांत उतरतें. बॅटरी गिळल्याचा नुसता संशय आला तरी तडक रुग्णालय गांठावें. महाराष्ट्रांत १०८ या क्रमांकावर रुग्णवाहिका मिळते.

विद्यार्थिमित्रहो, धाकट्या भावंडास सांभाळण्याचें काम आपणांपैकीं पुष्कळांच्या वाट्यास येतें. तें घेतलें असेल तर हातांत दुसरें कांहीं घेऊं नये, आणि उठावें लागल्यास "आतां तुम्ही पाहा" असें कोणास तरी स्पष्ट सांगून उठावें. पालकांसही माझी नम्र विनंती आहे कीं, शाळकरी मुलावर हा भार टाकण्यापूर्वीं घर आवरून द्यावें. मीं त्या दिवशीं चूक केली, ही गोष्ट खरी. पण ती बादली आधींच पालथी असती, तर माझ्या चुकीची किंमत त्याच्या जिवावर येऊन ठेपली नसती.